नव्या संगणकावरचे वेगाचे आकडे : कोणता आकडा कशाचा?



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एकदोघांनी विचारलं, की तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाचं संगणकाच्या वेगाशी काय काम? काम असं आहे, की हा प्रश्न वरवर यंत्राचा दिसतो, पण आतून तो प्रमाणाचा प्रश्न आहे. प्रमाण म्हणजे ज्ञान मिळवण्याचं साधन. एखादी गोष्ट मला कळली असं मी म्हणतो, ती कशावरून कळली? पाहून कळली, अनुमानाने कळली, की कुणी सांगितली म्हणून कळली? नव्या संगणकाच्या पडद्यावरच्या आकड्यांना आपण हा प्रश्न विचारत नाही, आणि मग दोन प्रकारचं नुकसान होतं. एक तर प्रामाणिक दुकानदारावर आपण लबाडीचा आरोप करून बसतो. किंवा जिथे खरोखरच कमी माल पदरात पडलाय, तिथे "असेल बुवा काहीतरी तांत्रिक" असं म्हणून गप्प राहतो. घरात मुलाच्या शिक्षणासाठी पन्नास-साठ हजार रुपये काढून संगणक घेतलेला असतो. तेव्हा दोन्ही चुका महागच पडतात.

एक नेहमीचं उदाहरण घेऊ. घरचा डेस्कटॉप. प्रोसेसर इंटेल कोअर आय५-१२४००. रॅम १६ जीबी, म्हणजे ८-८ जीबीच्या दोन स्टिक, डीडीआर४, वेग ३२००. खोक्यावर प्रोसेसरचा वेग लिहिलाय ४.४ गिगाहर्ट्‌झ. घरी आल्यावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या, टास्क मॅनेजर उघडला, त्यात परफॉर्मन्सचं पान काढलं. तिथे 'बेस स्पीड' दिसतो २.५०. शेजारी मोठ्या अक्षरात 'स्पीड' आहे, तो तर स्थिरच नाही, कधी १.२, कधी ३.९. मेमरीच्या पानावर ३२०० ऐवजी २६६६. मग भाच्याने सीपीयू-झेड नावाचा मोफत प्रोग्रॅम टाकला, त्यात मेमरीचा वेग दिसला १३३३. झालं! मागितलं ३२००, मिळालं १३३३. निष्कर्ष : फसवलं.

आता या निष्कर्षाकडे नीट बघा. न्यायशास्त्रात अनुमानाला व्याप्ती लागते. जिथे धूर तिथे अग्नी, हा संबंध नित्य असला तरच धूर बघून अग्नीचं अनुमान करता येतं. इथे आपण म्हणतोय, जिथे जिथे आकड्यात फरक, तिथे तिथे फसवणूक. ही व्याप्ती आहे का? नाही. फसवणूक अजिबात नसतानाही हा फरक दिसतो. अशा हेतूला नैयायिक अनैकांतिक म्हणतात, म्हणजे एका बाजूला न राहणारा हेतू. तो काहीच सिद्ध करत नाही. म्हणून आधी प्रत्येक आकडा कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे ते पाहू, आणि मग फसवणूक कशावरून ओळखायची याकडे येऊ.

प्रोसेसरचे तीन आकडे

हर्ट्‌झ म्हणजे सेकंदाला एक ठोका. हाइनरिख हर्ट्‌झ या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावावरून हे एकक आलं. गिगा म्हणजे अब्ज. ४ गिगाहर्ट्‌झ म्हणजे सेकंदाला चार अब्ज ठोके. प्रोसेसरच्या आत एक ठेका चालू असतो आणि त्या ठेक्यावर सगळी कामं होतात.

हा ठेका ठरावीक नसतो. पाया धरायचा तो साधारण १०० मेगाहर्ट्‌झचा, आणि त्याला गुणक लावून प्रोसेसर आपला वेग ठरवतो. गुणक १२ असेल तर १.२ गिगाहर्ट्‌झ, ३९ असेल तर ३.९. हा गुणक प्रोसेसर स्वतःच बदलतो, आणि तेही सेकंदात कितीतरी वेळा. काम नसेल तेव्हा तो वेग खाली आणतो, कारण वीज वाचते आणि उष्णता कमी होते. काम आलं की वर जातो. तेव्हा टास्क मॅनेजरमधला मोठा आकडा म्हणजे 'आत्ता या क्षणी काय चाललंय' याचं उत्तर. तुम्ही नुसतेच पडद्याकडे बघत बसलात आणि तो १.२ दाखवत असेल, तर प्रोसेसर त्याचं काम चोख करतोय. घरात कुणी नसताना पंखा बंद असला, तर पंखा बिघडला असं आपण म्हणत नाही.

बेस स्पीड २.५० हा दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. ठरावीक विजेत, या प्रोसेसरच्या बाबतीत ६५ वॉटमध्ये, सगळे कोअर सतत कामाला जुंपले तरी किमान किती वेग टिकवता येईल, याची ती निर्मात्याने दिलेली हमी आहे.

आणि ४.४ म्हणजे टर्बो. ही सोय इंटेलने २००८ पासून आणली. उष्णतेला वाव आहे, वीज पुरेशी आहे, आणि काम एखाद्याच कोअरवर आहे, अशा वेळी तो कोअर तात्पुरता ४.४ पर्यंत जाऊ शकतो. सगळे सहा कोअर एकदम कामाला लागले की ही कमाल मर्यादा खाली येते.

म्हणजे तर्काच्या भाषेत '४.४' हे सोपाधिक विधान आहे. 'असं असेल, तर तसं होईल.' अट पूर्ण झाली नाही आणि परिणाम दिसला नाही, म्हणून विधान खोटं ठरत नाही. ते खोटं ठरवायचं असेल तर अट पूर्ण करून बघावी लागेल. जाहिरात काय करते, तर परिणाम ठळक अक्षरात छापते आणि अट बारीक अक्षरात. 'पर्यंत' हा एक शब्द सगळा भार वाहतो. दुकानात 'पन्नास टक्क्यांपर्यंत सूट' अशी पाटी आपण वाचतो तेव्हा लगेच सावध होतो. इथेही तितकंच सावध व्हायला हवं.

या कमाल आकड्यावर विसंबणं किती धोक्याचं आहे ते सांगतो. याच पिढीतला कोअर आय५-१२३५यू नावाचा लॅपटॉपचा प्रोसेसर आहे. त्याचाही कमाल वेग ४.४ गिगाहर्ट्‌झच. दोन्ही 'आय५', दोन्ही बाराव्या पिढीचे, दोन्ही ४.४. पण आपल्या डेस्कटॉपच्या प्रोसेसरमध्ये सहा मोठे कोअर आहेत आणि त्याची मूळ वीज ६५ वॉट आहे. लॅपटॉपच्या प्रोसेसरमध्ये मोठे कोअर दोनच, बाकी आठ लहान, आणि मूळ वीज १५ वॉट. पाच सेकंदांच्या कामात दोघे जवळपास सारखे वाटतील. अर्धा तास व्हिडिओचं काम लावा, मग फरक कळेल. लॅपटॉपवाला फसवतोय असं नाही, तो पातळ आणि हलका राहावा म्हणून तसाच घडवलाय. पण फक्त ४.४ बघून 'दोन्ही सारखेच' म्हणणाऱ्याची निराशा ठरलेली.

यात हवामानाचाही भाग येतो. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात बंद खोलीत, धुळीने भरलेल्या कॅबिनेटमध्ये तोच प्रोसेसर कमाल वेग फार वेळ टिकवू शकत नाही. ठरावीक तापमानाला पोचला की तो स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. लॅपटॉप चार्जरवर नसला, किंवा वीज वाचवण्याचं सेटिंग लावलेलं असलं, तरी तसंच होतं.

गिगाहर्ट्‌झ जास्त म्हणजे संगणक वेगवान?

हा समज फार जुना आहे, आणि तो बाजारानेच रुजवला. २००० सालच्या मार्चमध्ये इंटेलने १ गिगाहर्ट्‌झचा पेंटियम थ्री आणला आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये १.५ गिगाहर्ट्‌झचा पेंटियम फोर. आकडा दीडपट, पण काही चाचण्यांत जुना पेंटियम थ्रीच पुढे राहिला. कारण नव्याचा ठेका जलद होता, पण दर ठोक्याला होणारं काम कमी होतं. तबल्याच्या उदाहरणाने बघा. लय वाढवली, पण दर मात्रेला बोल कमी वाजवले, तर मिनिटाला एकूण बोल वाढतीलच असं नाही. पुढे २००१ मध्ये एएमडीने आपल्या ॲथलॉन एक्सपी प्रोसेसरला नावच '१८००+' असं दिलं. प्रत्यक्ष ठेका होता १.५३ गिगाहर्ट्‌झ. म्हणजे तिथे आकडा वेगाचा राहिलाच नाही, तो तुलनेचा दावा झाला.

ही शर्यत थांबली ती उष्णतेमुळे. ठेका वाढवायचा तर व्होल्टेज वाढवावं लागतं, आणि विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. थोडासा वेग मिळतो आणि उष्णता मात्र खूप वाढते. २००४ मध्ये पेंटियम फोर ३.८ गिगाहर्ट्‌झला पोचला आणि ४ गिगाहर्ट्‌झची योजना इंटेलने रद्द केली. त्यानंतर निर्माते एकाच चिपवर जास्त कोअर बसवण्याकडे वळले. म्हणून आज प्रोसेसर निवडताना पिढी, कोअर आणि वीज हे तीन प्रश्न गिगाहर्ट्‌झच्या आधी विचारावेत.

रॅम : लय आणि दुगुन

आता रॅमकडे येऊ, कारण खरा गोंधळ इथेच आहे.

डीडीआर या अक्षरांचा अर्थ आहे दुप्पट दराने माहिती. ठेक्याचा एक ठोका म्हणजे एक लाट, वर जाणारी आणि खाली येणारी. जुन्या मेमरीत एका लाटेत एकदाच माहिती पाठवली जायची. डीडीआरमध्ये लाट चढताना एकदा आणि उतरताना एकदा, अशी दोनदा पाठवतात. संगीताच्या श्रोत्यांना हे लगेच कळेल. ही दुगुन आहे! लय बदललेली नाही, पण एका मात्रेत दोन बोल बसवले. लय १६००, दुगुनीत बोल ३२००.

तेव्हा एका प्रोग्रॅमला लय विचारली तर तो म्हणेल १६००. दुसऱ्याला बोल विचारले तर तो म्हणेल ३२००. दोघेही खरं सांगतायत. सीपीयू-झेड लय दाखवतो, खोक्यावर बोल छापलेले असतात. गोंधळ एवढ्यासाठी, की अनेक वर्षं दोन्हींपुढे 'मेगाहर्ट्‌झ' हेच लिहिलं गेलं. काटेकोर बोलायचं तर ३२०० हे मेगाहर्ट्‌झ नाहीत, सेकंदाला ३२०० दशलक्ष हस्तांतरणं आहेत. आता काही ठिकाणी तसं लिहायला सुरुवात झाली आहे. पण तोवर नियम साधा आहे : सीपीयू-झेडमध्ये दिसणाऱ्या आकड्याला दोनने गुणा.

आपल्या उदाहरणात १३३३ गुणिले दोन, म्हणजे २६६६. टास्क मॅनेजरशी हिशोब जुळला. पण खोक्यावर ३२०० आहे. हा फरक मात्र दुगुनीचा नाही, हा खरा फरक आहे. तो कुठून आला?

प्रत्येक रॅमच्या स्टिकवर एक छोटी चिप असते. ती मदरबोर्डला सांगते, की मी कोण, माझी क्षमता किती, मी कोणत्या वेगाने चालू शकते. या माहितीत सहसा दोन गोष्टी असतात. एक, सर्वमान्य प्रमाणित वेग, जो कुठल्याही मदरबोर्डवर बिनधोक चालेल. तो २१३३, २४०० किंवा २६६६ असू शकतो. दोन, निर्मात्याने तपासून दिलेला वरचा वेग. त्याला इंटेलच्या जगात एक्सएमपी म्हणतात, एएमडीच्या नव्या मेमरीसाठी एक्स्पो. संगणक पहिल्यांदा सुरू होतो तेव्हा मदरबोर्ड सावधपणे पहिला वेग निवडतो. वरचा वेग हवा असेल तर बायॉसमध्ये जाऊन एक्सएमपी सुरू करावं लागतं. ते काम दोन मिनिटांचं, पण जोडणी करणारा बऱ्याचदा ते करत नाही. स्टिक ३२०० चीच असते, तिला फक्त तसं चालायला सांगितलेलं नसतं.

मर्यादा दुसरीकडूनही येऊ शकते. कोअर आय५-१२४०० अधिकृतपणे ३२०० पर्यंतची डीडीआर४ चालवतो. पण त्याच्या दोन पिढ्या आधीच्या आय५-१०४०० ची अधिकृत मर्यादा २६६६ आहे. तिथे साध्या मदरबोर्डवर ३२०० ची स्टिक लावली तरी ती २६६६ नेच चालणार. आणि वेगवेगळ्या वेगाच्या दोन स्टिक एकत्र लावल्या, तर दोन्ही संथ स्टिकच्या वेगाने चालतात.

जलद रॅमही वाट बघायला लावते

एक प्रश्न उरतो, हा वेग मिळून नेमकं काय मिळतं? ग्रंथालयाचं उदाहरण घ्या. तुम्ही चिठ्ठी दिली, शिपाई आतल्या दालनात गेला, पुस्तक शोधलं, आणलं. यात दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिलं पुस्तक हातात यायला किती वेळ लागला, आणि एका फेरीत किती पुस्तकं आली. ३२०० हा आकडा दुसऱ्या गोष्टीचा आहे. पहिल्या गोष्टीसाठी स्टिकवर 'सीएल १६' असं काहीतरी लिहिलेलं असतं. सीएल १६ म्हणजे १६ ठोके थांबा. लय १६०० मेगाहर्ट्‌झ असेल तर १६ ठोके म्हणजे १० नॅनोसेकंद. आता नवी डीडीआर५ घ्या, वेग ६०००, सीएल ३०. लय झाली ३०००, आणि ३० ठोके म्हणजे पुन्हा १० नॅनोसेकंदच! पुस्तकांची गाडी मोठी झाली, पण शिपायाची चाल तीच राहिली.

प्रोसेसरपासून रॅमपर्यंतचा सगळा फेरा धरला तर साधारण ७० ते १०० नॅनोसेकंद लागतात. ४ गिगाहर्ट्‌झच्या प्रोसेसरचे तेवढ्यात तीन-चारशे ठोके होऊन जातात. ग्रेस हॉपर या अमेरिकी संगणकतज्ज्ञ व्याख्यानांत सुमारे ३० सेंटिमीटर लांबीच्या तारा वाटायच्या. एका नॅनोसेकंदात प्रकाश जास्तीत जास्त तेवढंच अंतर जातो. ४ गिगाहर्ट्‌झच्या एका ठोक्यात तर साडेसात सेंटिमीटरच. म्हणून तर प्रोसेसरच्या पोटातच कॅश नावाची छोटी मेमरी ठेवतात, आपल्या आय५ मध्ये १८ एमबीची. सतत लागणारी पुस्तकं टेबलावरच ठेवावीत, तसं. त्यामुळे रोजच्या कामात २६६६ आणि ३२०० मधला फरक तुम्हाला बहुधा जाणवणारही नाही.

जाणवू शकेल अशी गोष्ट वेगळीच आहे. रॅमची प्रत्येक वाट एका वेळी ८ बाइट नेते. ३२०० गुणिले ८ म्हणजे सेकंदाला २५,६०० एमबी. स्टिकवर 'पीसी४-२५६००' असं छापलेलं असतं ते हेच. दोन स्टिक योग्य स्लॉटमध्ये लावल्या तर दोन वाटा उघडतात आणि क्षमता दुप्पट होते. १६ जीबीची एकच स्टिक लावली तर वाट एकच. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसेल, तर चित्रं आणि व्हिडिओचं कामही याच रॅममधून चालतं. तिथे हा फरक मोठा पडतो. पण पडद्यावरच्या '१६ जीबी, ३२००' या मजकुरात तो दिसतच नाही. म्हणजे लोक ज्या आकड्यावर भांडतात तो निरुपद्रवी, आणि ज्याने नुकसान होतं तो कुणी बघतच नाही.

मग फसवणूक ओळखायची कशी?

संगणक घरी आला की पहिल्या दोन-तीन दिवसांतच, बिल समोर ठेवून, चार गोष्टी तपासा. पहिली, प्रोसेसरचं पूर्ण नाव, शेवटच्या अक्षरासकट. 'आय५' एवढं पुरेसं नाही. दुसरी, बेस स्पीड त्या नावाशी जुळतो का. तिसरी, टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर किती स्लॉट वापरात आहेत. बिलात ८-८ च्या दोन स्टिक असतील आणि तिथे एकच स्लॉट दिसत असेल, तर विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. चौथी, सीपीयू-झेडमध्ये 'एसपीडी' नावाचं पान आहे. तिथे स्टिक स्वतःबद्दल काय सांगते ते दिसतं. तिथे ३२०० ची नोंद असेल तर माल बरोबर आहे, फक्त सेटिंग राहिलंय. तिथेही कमाल २६६६ च असेल, तर मात्र वेगळाच माल दिला गेलाय.

दोन्ही वेळेला टास्क मॅनेजर २६६६ च दाखवणार. लक्षण एकच आणि कारणं दोन. ती वेगळी करतो तो एसपीडीचा पुरावा. दुकानदाराकडे जायचं ते हा पुरावा आणि बिल घेऊन. आवाज चढवावा लागत नाही.

प्रश्नोत्तरांतून

*सर, माझ्या लॅपटॉपवर एकाच ओळीत २.४० आणि २.४२ असे दोन वेग दिसतात. खरा कोणता?*

छान प्रश्न. पहिला आकडा प्रोसेसरच्या नावाचा भाग आहे. निर्मात्याने चिपमध्ये लिहून ठेवलेलं ते नाव आहे, विंडोज फक्त वाचून दाखवते. हे शब्दप्रमाण झालं. दुसरा विंडोजने तुमच्या यंत्रावरून स्वतः काढलेला आहे. नाव आणि मोजमाप यांत एवढा किरकोळ फरक राहणारच. काहींना ४.०० ऐवजी ३.९९ दिसतो. बऱ्याच मदरबोर्डवर मूळ ठेका मुद्दाम किंचित हलता ठेवतात, म्हणजे त्याचा त्रास रेडिओसारख्या उपकरणांना एकाच जागी होत नाही. काळजीचं कारण नाही.

*माझी ५१२ जीबीची ड्राइव्ह ४७६ च दाखवते. यात तरी फसवणूक आहे ना?*

यातही नाही. निर्माता जीबी म्हणजे एक अब्ज बाइट धरतो. विंडोज १०२४ गुणिले १०२४ गुणिले १०२४ धरते आणि तरीही त्याला जीबीच म्हणते. ५१२ अब्जाला त्या मोठ्या संख्येने भागलं की ४७६ येतात. बाइट तेवढेच आहेत, माप वेगळं आहे. आपल्याकडे शेर आणि किलो दोन्ही चालायचे तेव्हा निदान नावं तरी वेगळी होती!

*बायॉसमध्ये एक्सएमपी आम्ही स्वतः सुरू करावं का?*

मदरबोर्डची पुस्तिका हाताशी असेल आणि बायॉस उघडण्याची सवय असेल, तर करा. नसेल, तर ज्याने संगणक जोडून दिला त्यालाच सांगा, "एक्सएमपी राहिलंय, लावून द्या." तो हसून देईल. सुरू केल्यावर संगणक मध्येच अडकायला किंवा बंद पडायला लागला, तर पुन्हा मूळ सेटिंगवर या. थोडा कमी पण स्थिर वेग केव्हाही बरा.